उताऱ्यात नसलेला मुलगा

"हेमा, एफ-ओ-जी म्हंजे काय गं?"

नाना मागच्या दारी दगडावर बसून रॉकेलच्या बोळ्यानं बोटांची शाई काढत होते. मी परकराचा ओचा खोचून तुळशीपाशी सडा घालत होते. दिवस कलला होता. आई आत भाकरी थापत होती, तिचा आवाज लयीत येत होता.

"फॉग, नाना. फॉग म्हणजे धुकं."

"धुकं?" त्यांचा बोळा थांबला. "म्हंजे आपल्याकडं थंडीत द्राक्षाच्या बागांवर उतरतंय ते?"

"तेच."

"बघ की. तीन अक्षरांत बसवलंय," असं म्हणून ते स्वतःशीच हसले आणि पुन्हा नखं घासू लागले.

त्या वर्षी मी वीस वर्षांची होते. आता सेवानिवृत्त होऊनही मला चार वर्षं झाली. पण बोळा थांबवून माझ्याकडं बघणारे नाना अजून तसेच्या तसे दिसतात.

माझे वडील केशव तारळेकर तासगावात शेट्यांच्या छापखान्यात कंपोझिटर होते. शिक्षण मराठी चौथीपर्यंत. खिळे, म्हणजे छपाईची शिशाची सुटी अक्षरं, जुळवायला ते चौदाव्या वर्षी लागले. लग्नपत्रिका, जाहिराती, पतपेढ्यांचे अहवाल, सगळं त्यांच्या हातून जायचं. गावात इंग्रजी मजकूर जुळवू शकणारे ते एकटेच होते. गंमत अशी, की त्यांना इंग्रजी येत नव्हतं. अक्षरं सगळी ओळखायची, शब्दांच्या आकारावरून चूकही पकडायची, पण अर्थ शून्य. उलट्या खिळ्यांची ओळ ते सरळ वाचल्यासारखी वाचत आणि एखाद्या शब्दात अक्षर राहिलं असेल तर गिऱ्हाइकाला सांगत, "साहेब, इथं एक टी कमी वाटतोय बघा." साहेब बघत, आणि टी खरंच कमी असे.

आमच्या कॉलेजात वर्ग दुसऱ्या वर्षापर्यंतच होते. पदवी पुरी करायची तर तिसऱ्या वर्षाला सांगलीच्या मोठ्या कॉलेजात जावं लागे. बाहेरून येणाऱ्यांसाठी तिथं बारा जागा होत्या आणि त्यांच्यासाठी वेगळी परीक्षा असे. आम्ही तिला बदलीची परीक्षा म्हणायचो. त्यात इंग्रजीच्या पेपरात अर्धे गुण एका न वाचलेल्या उताऱ्याला असत. आदल्या वर्षी मी तिथंच आपटले होते. व्याकरण मला पाठ होतं. पण अनोळखी उतारा समोर आला की माझ्या डोळ्यांपुढं नुसत्या मुंग्या चालायच्या. वर्षभर घरी बसले. मामांनी कवठेमहांकाळचं एक स्थळ आणलं होतं. आईनं त्यांना सांगितलं, "यंदा परीक्षा होऊ दे तिची. न्हाई झाली तर मग तुम्ही म्हणाल तसं."

कॉलेजात इंग्रजी शिकवणाऱ्या इनामदार बाई मला म्हणाल्या होत्या, "रोज एक उतारा वाच. कशाचाही असो. आणि लक्षात ठेव, उताऱ्यात आहे तेवढंच लिहायचं. पदरचं काही घालायचं नाही."

पण रोज नवा उतारा आणायचा कुठून? तेव्हा नाना छापखान्यातून रद्दीतली प्रुफं आणू लागले. द्राक्षावरच्या औषधांची पत्रकं, पंपाची माहिती, कुठल्याशा मंडळाच्या अध्यक्षांचं भाषण, एका परदेशी पाहुण्याचं मानपत्र. ते हात धुऊन, टोपी खुंटीला लावून माझ्यासमोर मांडी घालून बसायचे. मी मोठ्यानं वाचायची, मग मराठीत अर्थ सांगायची. ते एकेका ओळीला मान डोलवायचे.

"थांब थांब. 'युवर्स फेथफुली' म्हंजे काय म्हणालीस?"

"आपला विश्वासू."

"आपला विश्वासू!" ते आईकडं वळून म्हणाले. "ऐकलंस का? बावीस वर्षं मी ही ओळ जुळवतोय. मला वाटायचं कंपनीचं नाव असंल."

आई हसून हसून चुलीपुढून उठली.

त्या पाच-सहा महिन्यांत मी शिकले त्याहून जास्त नाना शिकले असतील. छापखान्यातून येताना ते शब्द घेऊन यायचे, मुलं चिंचा घेऊन येतात तसे. कधी आठवणीतून अक्षरं सांगायचे, कधी तळहातावर बोटानं गिरवून दाखवायचे. अर्थ कळला की त्यांचा चेहरा उजळायचा. आणि मलाही हळूहळू मुंग्यांची वाक्यं दिसू लागली होती. नानांना समजावून सांगायचं म्हणून मला आधी समजून घ्यावं लागायचं.

ज्या दिवशी त्यांनी धुक्याचा अर्थ विचारला, त्या दिवशी ते रिकाम्या हातानं आले होते.

"प्रुफं नाही आणली?" मी विचारलं.

"आता चार दिवस काही नाही आणता यायचं."

जेवताना आई म्हणाली, "शेटेवहिनी नळावर भेटल्या होत्या. छापखान्यात सांगलीचे कुणी प्राध्यापक येऊन बसलेत म्हणे, दाराशी खुर्ची टाकून. सगळ्यांचे खिसे तपासतात."

"तपासू देत," नाना म्हणाले. "त्यांचं काम आहे ते. खासनीस सर म्हणून आहेत. भला माणूस. मी म्हणालो, साहेब, मला इंग्रजी येत नाही, तुम्ही निर्धास्त राहा. ते म्हणाले, म्हणून तर तुमच्याकडं आलो."

त्यात त्यांना अभिमान वाटत होता. मी तेव्हा फारसं मनावर घेतलं नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांनी विचारलं, "ओ-ए-आर?"

"ओर. म्हणजे वल्हं."

"नावेचं?"

"हो."

आणि हे बोलता बोलताच माझ्या मनात एकेक जुळत गेलं. सांगलीचे प्राध्यापक. खिशांची तपासणी. आमची परीक्षा तीन आठवड्यांवर. सांगलीचा पेपर सांगलीत छापत नसत, हे सगळ्यांना ठाऊक होतं. नाना माझ्यासमोर बसून पेला तोंडाला लावत होते. त्यांच्या मनात काही नव्हतं. असतं तर त्यांनी विचारलंच नसतं. एवढं मला त्याही क्षणी कळत होतं.

मी म्हणायला हवं होतं, "नाना, हे शब्द मला सांगू नका." एवढं एकच वाक्य. मी ते म्हणाले नाही.

तिसऱ्या दिवशी ते म्हणाले, "फेरी म्हंजे आपली फेरीवाल्याची फेरी का गं? एफ-ई-डबल आर-वाय."

"नाही नाना. नदीतून माणसं पलीकडं नेतात ना, ती नाव. ती चालवणारा तो फेरीमन. नावाडी."

"असं होय," ते म्हणाले आणि बराच वेळ कुठंतरी बघत राहिले. चेहऱ्यावर मोठं समाधान होतं.

चौथ्या दिवशी त्यांनी काही विचारलं नाही. ताट वाढून झालं, जेवणं झाली, तरी नाही. तेव्हा मीच म्हणाले, अगदी सहज विचारल्यासारखं, "आज एकही शब्द नाही का, नाना?"

"संपलं ते काम. गठ्ठे बांधून, मोहर लावून साहेब गेले दुपारी."

दुसऱ्या दिवशी मी आमच्या जुन्या कॉलेजच्या ग्रंथालयात गेले; तिथलं माझं कार्ड अजून चालू होतं. नावाडी, धुकं, वल्हं. जुन्या इंग्रजी वाचनमालांचं एक कपाट कोपऱ्यात होतं, त्याला कुणी हात लावत नसे. मी एकेक पुस्तक उघडून अनुक्रमणिका बघत गेले. दुपारपर्यंत मला तो धडा सापडला. एका म्हाताऱ्या नावाड्याची गोष्ट. दाट धुकं पडलेलं असतं. एक व्यापारी येतो आणि म्हणतो, मागशील ते देतो, पण आत्ताच्या आत्ता पलीकडं ने. नावाडी वल्हं खाली ठेवतो आणि नाही म्हणतो. पुढं एका परिच्छेदात कळतं, की त्याचा तरणाताठा मुलगा असल्याच एका सकाळी, असल्याच धुक्यात नाव घेऊन गेला आणि परत आला नाही.

पुस्तक माझ्या नावावर मांडून मी घरी आणलं. दोन आठवड्यांत तो धडा मला तोंडपाठ झाला. नानांना दिसू नये म्हणून मी तो माळ्यावर बसून वाचायची. ते खालून विचारायचे, "आज वाचून दाखवणार न्हाईस का?" मी म्हणायची, "परीक्षा जवळ आली, नाना. आता मनातच वाचते."

परीक्षेच्या दिवशी पेपर हातात आला. पहिल्याच ओळीत नावाडी होता. मी डोळे मिटून घेतले. मग उतारा न वाचताच भराभरा उत्तरं लिहीत सुटले. वाचायची गरजच काय होती?

निकाल लागला. बारा जणांत मी दुसरी होते. आईनं शेजारपाजारी पेढे वाटले. शेटेअण्णांनी नानांना छापखान्यात सगळ्यांसमोर टोपी आणि नारळ दिला. मामा येऊन म्हणाले, "आता स्थळाचं नंतर बघू." पाच दिवस आमच्या घरात सण होता.

सहाव्या दिवशी सांगलीच्या कॉलेजातून पत्र आलं. मी वडिलांना घेऊन प्राचार्यांना भेटावं, असं त्यात होतं. नानांना वाटलं प्रवेशाचं काही असेल. त्यांनी धुतलेलं धोतर नेसलं, कोट घातला. एसटीत खिडकीशी बसून ते म्हणाले, "कॉलेजात कुठं बसायचं, काय, सगळं विचारून घे आजच."

प्राचार्यांच्या खोलीत दोघे होते. प्राचार्य मधल्या खुर्चीत आणि बाजूला खासनीस सर. सरांनी नानांना ओळखलं. नानांनी हसून नमस्कार केला. सर हसले नाहीत.

त्यांनी माझी उत्तरपत्रिका समोर ठेवली. "हा चौथा प्रश्न. नावाड्यानं नाव सोडायला नकार का दिला? तुझं उत्तर मराठीत सांग."

मी सांगितलं. "कारण त्याचा मुलगा अशाच धुक्यात बुडाला होता."

"बरं." त्यांनी छापलेला पेपर माझ्यापुढं सरकवला. "आता हा उतारा. यात मुलगा कुठं आहे तेवढं दाखव."

तो उतारा मी तेव्हा पहिल्यांदा वाचला. वरपासून खालपर्यंत, पुन्हा वरपासून. नावाडी म्हणतो, मला पलीकडचा काठ दिसत नाही, आणि जो दिसत नाही तिथं मी दुसऱ्याचा जीव घेऊन जात नाही. एवढंच होतं. मुलगा कुठंच नव्हता.

"तो परिच्छेद मी गाळला होता," सर म्हणाले. "उतारा लांबत होता म्हणून. आधी वाटलं, मुलीनं धडा कधीतरी वाचला असेल. कुणावर उगाच आळ नको, म्हणून तुमच्या ग्रंथालयात चौकशी केली. अकरा वर्षांत ते पुस्तक कुणी नेलं नव्हतं. परीक्षेच्या अठरा दिवस आधी ते तुझ्या नावावर बाहेर गेलं. मग तुझा अर्ज काढला. वडिलांचा व्यवसाय, कंपोझिटर." ते नानांकडं वळले. "केशवराव, काय समजायचं आम्ही?"

नाना माझ्याकडं बघत होते. त्यांना आधी काही उमगलं नव्हतं. मग एकेक गोष्ट त्यांच्या ध्यानात येत गेली, ती मला त्यांच्या डोळ्यांत दिसली. धुकं. वल्हं. फेरी. माळा. मी मान खाली घातली.

"मी सांगितलं तिला," नाना म्हणाले.

मी दचकून वर पाहिलं.

"सगळा उतारा सांगितला मी. परीक्षेचा आहे म्हणून नाही सांगितलं. म्हणालो, एका पुस्तकाचं काम आलंय, त्यातलं आहे, बघ अर्थ लागतो का. तिला अवघड गेलं असंल म्हणून तिनं पुस्तक हुडकलं. तिचा काही दोष नाही, साहेब."

"केशवराव," सर म्हणाले, "तुमचे खिसे मी रोज स्वतः तपासले. प्रुफं मोजून घेतली. आणि तुम्हाला इंग्रजी येत नाही हे तुम्हीच मला सांगितलंत. अख्खा उतारा सांगितला कसा?"

"खिशात काही नव्हतं, साहेब. बोटांत होतं."

"म्हणजे?"

नानांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. उजव्या हाताची बोटं हवेत किंचित हलू लागली, केसमधून, खणांच्या पेटीतून, खिळा उचलताना हलायची तशी. आणि ते म्हणू लागले, "कॅपिटल टी, एच, ई, स्पेस. ओ, एल, डी, स्पेस. एफ, ई, डबल आर, वाय, एम, ए, एन, स्पेस. एल, डबल ओ, के, ई, डी, स्पेस. ए, टी, स्पेस..."

सरांनी पेपर उचलून हातात धरला. त्यांचं बोट ओळीवरून नानांच्या मागोमाग सरकत होतं. एक ओळ झाली, दुसरी झाली. नाना डोळे मिटून म्हणत होते. कुठं अडखळले नाहीत, कुठं चुकले नाहीत. स्वल्पविरामाला स्वल्पविराम म्हणाले, ओळ संपली तिथं 'ओळ' म्हणाले. पाचव्या ओळीला प्राचार्य म्हणाले, "पुरे."

बाहेर घंटा झाली, मुलांचा गलका ऐकू आला आणि विरला.

नानांनी मला त्या उताऱ्यातली एक ओळसुद्धा कधी सांगितली नव्हती. तीन सुटे शब्द तेवढे विचारले होते. ते आत्ता खोटं बोलत होते, आणि ते खरं ठरावं म्हणून त्यांनी आपल्या आयुष्यभराची विद्या टेबलावर काढून ठेवली होती.

प्राचार्यांनी मला विचारलं, "हे म्हणतात ते खरं आहे? तुला ठाऊक नव्हतं?"

नानांनी माझ्याकडं पाहिलं नाही. ते टोपीची घडी नीट करत होते.

मी म्हणाले, "हो. ठाऊक नव्हतं."

प्राचार्यांनी ठरवलं, की माझा निकाल रद्द करून आठ दिवसांनी मला एकटीला नवा पेपर द्यायचा. त्यात पास झाले तर प्रवेश. शेट्यांच्या छापखान्याला कॉलेजचं काम देणं बंद. बाकी प्रकरण वाढवायचं नाही. नानांनी दोघांना हात जोडले. खासनीस सर दारापर्यंत आले. त्यांना काहीतरी बोलायचं असावं. "केशवराव, मी तुमच्यावर..." एवढंच म्हणाले आणि परत फिरले.

एसटी स्टँडवर तासगावच्या गाडीला वेळ होता. आम्ही बाकावर बसलो. समोर उसाचं गुऱ्हाळ होतं, घुंगरं वाजत होती. तिकडं बघत नाना म्हणाले, "तीनच शब्द विचारले होते मी."

"हो."

"तेवढ्यावरनं ओळखलंस?"

"हो, नाना."

ते मान हलवत राहिले. "मला वाटलं, सुट्या शब्दांत काय असतंय. डिक्शनरीत सगळेच असतात." मग म्हणाले, "इतकी वर्षं नुसती अक्षरं लावली. तुझ्या नादानं वाटाय लागलं, आपण जुळवतोय ते काय आहे ते कळावं. म्हणून विचारत होतो."

मला रडू फुटलं. "मी जाऊन सांगते त्यांना. आत्ता जाते. सगळं खरं सांगते."

"काय सांगशील? तुझा बाप खोटं बोलला म्हणून सांगशील?"

गाडी लागली. नाना उठले, कोट झटकला आणि पायरीवर पाय ठेवता ठेवता म्हणाले, "तीन शब्दांवरनं अख्खा धडा हुडकलास. मग पुढचा पेपर तुला जड जायचा न्हाई."

ते रागानं बोलले असते तर बरं झालं असतं.

त्याच दुपारी ते छापखान्यात गेले आणि शेटेअण्णांना सगळं सांगून आले. सगळं म्हणजे सांगलीत सांगितलं तेच. येताना खिळ्यांची केस झाडून, खिळे जागच्या जागी लावून आले. आईनं कपाळावर हात मारला. "अवो, तुम्हाला काय अवदसा आठवली?" तिलाही त्यांनी खरं सांगितलं नाही. माझ्यासमोर ती त्यांना बोलत राहिली आणि मी चुलीतली लाकडं सारत बसले.

नवा पेपर मी दिला. उतारा मधमाश्यांवर होता. दोनदा वाचला, आहे तेवढंच लिहिलं आणि पास झाले. सांगलीला गेले, बी.ए. झाले, मग कोल्हापूरला एम.ए. झाले. इचलकरंजीत मला नोकरी लागली. तेहतीस वर्षं मुलांना इंग्रजी शिकवलं.

नाना परत छापखान्यात गेले नाहीत. काही दिवस घरीच होते. मग द्राक्षाच्या पेट्या तयार करणाऱ्या वखारीत लागले. फळ्यांना खिळे ठोकायचं काम. गावात बातमी फुटायची ती फुटलीच. माझ्या लग्नात नवऱ्याकडच्या कुणीतरी पंगतीत म्हटलं, "पेपर फोडला होता तेच ना हे?" नाना वाढत होते. त्यांनी ऐकलं आणि पुढच्या पानावर भात वाढला. सुट्टीत मी घरी गेले की मुद्दाम त्यांच्याजवळ बसायची, वर्तमानपत्रातलं इंग्रजी काही दाखवायची. ते म्हणायचे, "असू दे. तू दमून आलीस, पड जरा." मला दर वेळी वाटायचं, आज बोलावं. निदान आईला तरी त्यांच्यादेखत सांगावं. आज नको, दिवाळीला सांगू. दिवाळीला घरात पाहुणे असायचे.

असं करता करता अकरा वर्षं गेली. नाना वखारीतच छातीत कळ येऊन पडले. मी पोचले तेव्हा सगळं उरकलं होतं.

माझा सगळा राग शेटेअण्णांवर होता. तीस वर्षं राबलेल्या माणसाला त्यांनी एका चुकीसाठी दाराबाहेर ठेवलं. एकदा रागावून, वर्षभरानं तरी परत घ्यायला काय झालं होतं? नानांच्या वर्षश्राद्धाला गेले तेव्हा मी ठरवलं, त्यांना जाऊन खरं सांगायचं. त्यांना कळू दे, कुणाला बाहेर ठेवलं ते.

अण्णा फार थकले होते. छापखाना मुलाकडं होता. ते दारातल्या बाकावर चादर पांघरून बसले होते. नजर अधू झाली होती. मी नाव सांगितल्यावर हात चाचपत पुढं केला.

"केशवची पोरगी? ये, बस."

मी बसले आणि एका दमात सगळं सांगितलं. तीन शब्द, माळा, पुस्तक, प्राचार्यांची खोली, माझं 'हो'. त्यांनी मधे एकदाही अडवलं नाही. माझं संपल्यावर मी म्हणाले, "त्यांनी काहीच केलं नव्हतं, अण्णा. आणि तुम्ही त्यांना परत घेतलं नाहीत."

अण्णांनी अधू नजर माझ्याकडं वळवली. मग म्हणाले, "मी घेतलं न्हाई? तुला त्यानं असं सांगितलं?"

"त्यांनी काही सांगितलं नाही. मलाच वाटलं."

"तीनदा बोलावणं धाडलं मी त्याला. पहिल्याच वर्षी दसऱ्याला मी स्वतः घरी आलो होतो, तुझी आई देवळात गेली होती. म्हटलं, केशव, झालं गेलं जाऊ दे, तुझ्यावाचून इंग्रजीचं काम परत जातंय. हात जोडून न्हाई म्हणाला. पुढं दोनदा माणूस पाठवला. तेच उत्तर."

"का पण?"

"मीही तेच विचारलं. तर म्हणाला, अण्णा, तुम्ही मला परत घेतलंत तर लोक म्हणतील केशवनं काही केलं नव्हतं. मग विचारतील, केलं कुणी." अण्णांनी चादर नीट ओढून घेतली. "मला ते बोलणं तेव्हा उमगलंच न्हाई, बघ. मी म्हटलं, येडा आहे. म्हटलं, कुणी विचारत न्हाई रे इतकं. तर म्हणाला, पोरीचं वर्ष आहे, उगाच कशाला. पुढच्या खेपेला सांगून धाडलं, पोरीची नोकरी आहे. मग म्हणाला, पोरीचं लग्न आहे."

त्यांनी आत तोंड वळवून हाक मारली, "सूनबाई, केशवची पोरगी आलीय. चहा टाका."

चहा आला. अण्णांच्या सुनेनं कप माझ्यापुढं धरला आणि ती तशीच उभी राहिली. मला हात पुढं करता येईना.